नाव मागाहून कळवण्यात येईल

केलर्सबर्गात आर्डिस थीसनचा आवाज ओळखत नाही असा माणूस शोधून सापडला नसता. अर्ध्या गावाने तो शाळेच्या जेवणघरात ऐकलेला होता. तिथे ती उभी हयात मोठा डाव हातात धरून उभी राहिली, आणि वाटाणे न खाता सटकणाऱ्या पोरांना नावानिशी परत बोलावत राहिली. उरलेल्या अर्ध्या गावाने तो रेडिओवर ऐकलेला होता. संध्याकाळी पाचला गस नावाचा निवेदक बेसबॉलवर लोकांचे फोन घ्यायचा. पाच वाजण्याआधीच आर्डिस स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या फोनखाली स्टूल ओढून बसलेली असायची. तिचा नवरा मर्ल जिवंत होता तेव्हा म्हणायचा, की फोनची तार नसती तरी चाललं असतं, स्टेशनपर्यंत हिचा आवाज तसाही पोचतो.

नदीच्या खालच्या अंगाला, दिवसभराच्या अंतरावर, मोठ्या शहरात स्टीमर्स खेळायचे. ती खरी टीम. आमच्या गावची टीम त्यांचीच, पण धाकटी. कच्ची पोरं इथे पिकत घालायची आणि पिकली की वर न्यायची. त्या पोरांना पगार म्हणजे चणेफुटाणे मिळायचे, म्हणून हंगामभर त्यांना गावकरीच घरात ठेवून घ्यायचे. दर वसंतात आर्डिसच्या माडीवरच्या खोलीत एक पोरगा यायचा आणि पानगळीच्या आधी चार किलो वजन वाढवून जायचा. त्या वर्षी आला होता डेल्विन पिकेट. दक्षिणेकडचा, लांब हातापायांचा, डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. अदबीचा इतका की बाईच्या आधी जेवायला बसायचा नाही, आणि एकदा बसला की पाच अंडी खाल्ल्याशिवाय उठायचा नाही.

रेडिओवरची आर्डिस मात्र अदबीच्या वाटेला जात नसे. तिसऱ्या बेसवरचा गडी करंगळी दुखते म्हणून पंधरवडाभर जायबंदी यादीत गेला, तर तिने गसला विचारलं होतं की आपण भाजलेल्या हाताने अख्ख्या शाळेला सूप वाढत होतो तेव्हा ही यादी कुठे होती. बरा खेळणारा कॅचर खाली पाठवला आणि मॅनेजरच्या भाच्यासारखा दिसणारा दुसरा वर आणला, तेव्हा ती आठवडाभर धुसफुसत होती. पण तिचा खरा सूर लागायचा जुलैत. जुलैच्या शेवटापर्यंत टीमांना आपापसात खेळाडूंची अदलाबदल करता येते, आणि तेवढा महिना केलर्सबर्गातली शहाणी माणसं आर्डिसच्या घरावरून जाताना चालण्याचा वेग वाढवत.

त्या जुलैत स्टीमर्स पहिल्या जागेपासून हाताच्या अंतरावर होते आणि चेंडू मैदानाबाहेर धाडणारा एकही बॅटर त्यांच्याकडे नव्हता. पश्चिमेकडच्या टिंबरमेनकडे होता. बड हेनिंगर, बैलाच्या मानेचा, आणि टिंबरमेन शेवटच्या जागेवर असल्यामुळे तो तिथे फुकट चालला होता.

"अरे गस, हेनिंगर आणा," आर्डिस रोज सांगायची. "बदल्यात आपल्या खालच्या टीममधली दोन पोरं द्या, तीन द्या. एवढे पिचर साठवून ठेवलेत, त्यांचं काय लोणचं घालायचंय?"

हे सगळं ती ज्या स्टुलावर बसून बोलायची त्याच्या बरोबर डोक्यावर डेल्विनची खोली होती. पण रेडिओवरची "खालची पोरं" आणि माडीवरचा डेल्विन यांची तिच्या मनात कधी गाठच पडली नव्हती. खालची पोरं म्हणजे पेपरच्या मागच्या पानावरचे बारीक आकडे. डेल्विन म्हणजे डेल्विन.

आणि जुलै सरता सरता हेनिंगर आला. दुपारच्या बातम्यांत सांगितलं, तेव्हा आर्डिस मक्याची कणसं सोलत होती. ती कणीस हातात धरून अंगणभर फिरली आणि कुंपणापलीकडच्या व्हर्नाला दोनदा बातमी सांगून आली. बदल्यात काय दिलं? काहीच नाही म्हणायचं. थोडी रोकड, आणि नाव मागाहून कळवण्यात येईल असा एक खेळाडू.

बेसबॉलमध्ये अशी पद्धत आहे. घेणारी टीम माल आजच उचलते, आणि देणारी टीम म्हणते की आम्हाला जरा चार पोरं बघू द्या, पसंत पडेल तो पुढच्या महिन्यात सांगतो. आर्डिसने त्या संध्याकाळी गसला सांगितलं की असा सौदा तिने जन्मात पाहिला नाही, ज्याला नावसुद्धा नाही असा माणूस देऊन आपण हेनिंगर मिळवला.

हेनिंगरने पहिल्याच आठवड्यात चेंडू असे काही टोलावले की स्टीमर्स पहिल्या जागेवर जाऊन बसले. आर्डिसचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. तिने रुबार्बच्या आंबट देठांचं सारण भरून 'पाय' हा गोड पदार्थ भाजला, आणि त्यातला अर्धा डेल्विनने संपवला.

मग ऑगस्टात एके संध्याकाळी तिला तो माणूस दिसला. घरच्या मैदानावर तिची जागा ठरलेली, बॅटरच्या मागे, तिसरी रांग. दोन खुर्च्या सोडून गवताची टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मांडीवर चेंडूचा वेग मोजायचं यंत्र होतं. आपली बाजू बॅटिंगला आली की ते शेंगा सोलत बसायचे, आणि डेल्विन चेंडू घेऊन उभा राहिला की यंत्र उचलायचे. दुसरा पिचर आला तेव्हा त्यांनी यंत्र उचललं नाही.

नाव मागाहून कळवायचा खेळाडू म्हणजे काय, हे आर्डिसला त्या क्षणी कळलं. त्याला नाव होतं, आणि त्याचे धुतलेले मोजे तिच्या दोरीवर वाळत होते.

दुसरी एखादी बाई घरी जाऊन रडली असती. आर्डिस उठली, दोन खुर्च्या सरकली आणि घरच्या बिस्किटांचा डबा त्या गृहस्थांपुढे उघडला. त्यांचं नाव होतं मिस्टर होबार्ट. टिंबरमेनसाठी ते गावोगाव पोरं बघत फिरायचे. वाटेतल्या खाणावळींचं खाऊन पोट बिघडल्याची त्यांची तक्रार होती, त्यामुळे बिस्किटं त्यांना भलतीच आवडली. तिने मनाशी ठरवलं होतं, या माणसाला डेल्विनची अशी किळस आणायची की त्याने टोपी उचलून पुढचं गाव गाठावं.

"तो डावखुरा बघताय होय?" ती म्हणाली. "माझ्या घरी राहतो. तुम्हाला म्हणून सांगते, ब्याद आहे नुसती."

"असं?" मिस्टर होबार्ट म्हणाले.

मग तिने त्या पोराची यथेच्छ निंदा केली. सकाळी उठल्यापासून जेवणाच्या वेळेपर्यंत गॅरेजच्या भिंतीला गादी टांगून तिच्यावर चेंडू मारत बसतो. एक फळी फुटली, ती स्वतःच बसवली आणि लगेच पुन्हा सुरू. विश्रांती घे म्हटलं तर ऐकत नाही, हट्टी आहे. मॅच हरला तर चारचौघांसारखं तोंड पाडून निजावं की नाही? तेही नाही. भांडी विसळायला उभा राहतो आणि कुठला चेंडू कुठे चुकला ते एकेक करून सांगत सुटतो, ऐकणाऱ्याचे कान किटतात. बाहेर म्हणून फिरायला जात नाही, बिअरला शिवत नाही, दर रविवारी आईला फोन करतो. पाच अंडी खातो, एका बैठकीत.

मिस्टर होबार्ट बिस्किट खात ऐकत होते. मधूनच "हं" म्हणत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "खांद्याचं काही दुखणं?"

आर्डिस थबकली. इथे एक थाप मारली असती तर काम झालं असतं, हे तिला समजत होतं. पण पोराच्या खांद्यावर खोटं दुखणं चिकटवणं तिच्याच्याने होईना.

"खांद्याला काय धाड भरलीये," ती म्हणाली. "त्या गादीचा पार चेंदामेंदा झालाय."

मिस्टर होबार्टनी तिचे आभार मानले आणि आणखी दोन बिस्किटं रुमालात बांधून घेतली. आर्डिस घरी आली ती काम फत्ते झाल्याच्या खुशीत. व्हर्नाला तिने सगळं सांगितलं. व्हर्ना म्हणाली की आर्डिस, हे ऐकून तर मीसुद्धा त्याला घेतलं असतं. आर्डिसने ते मनावर घेतलं नाही. व्हर्नाला बेसबॉलमधलं काही कळत नाही, असं तिचं फार जुनं मत होतं.

आठवडा गेला. मंगळवारी सकाळी डेल्विन मैदानावरून वेळेआधीच परत आला. आर्डिस शेगडीपाशी होती. तो दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिने गॅस बंद केला.

"आर्डिसबाई, तो मीच," तो म्हणाला. "हेनिंगरच्या बदल्यातला."

तिने खुर्ची ओढली, पण बसली त्याच्यासाठी ओढलेल्या खुर्चीत स्वतःच.

तो मात्र हरखला होता. टिंबरमेन त्याला एक पायरी वरच्या टीममध्ये घेत होते. दोन वर्षांनी मिळाली असती ती जागा आज मिळत होती. त्यांच्याकडे चार पोरांची नावं होती, चौघांचेही चेंडू जवळपास सारखेच.

"होबार्टसाहेब म्हणाले, तुझी निवड तुझ्या घरमालकिणीने केली. तुम्ही माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललात, आणि मला कळूसुद्धा दिलं नाहीत."

मग आर्डिसला आणखी एक गोष्ट आठवली आणि तिचे कान तापले.

"डेल्विन, मी जुलैभर रेडिओवर बडबडत होते ते..."

"वर सगळं ऐकू येतं की," तो म्हणाला. "लोणच्याचं ऐकून तर मी उशीत तोंड खुपसून हसलो होतो. पण तुमचं बरोबरच होतं, बाई. आपल्याला बॅटर हवाच होता."

आपल्याला, असं म्हणाला पोरगा. ज्या टीमने त्याला देऊन टाकलं त्या टीमला आपली म्हणाला. आर्डिसला भरून आलं आणि ते लपवायला तिने पुन्हा गॅस पेटवून अंडी फोडायला घेतली. पाच फोडली, मग प्रवासाचा दिवस म्हणून सहावं.

दुपारच्या बसने तो गेला. उरलेली बिस्किटं, ताज्या रुबार्ब-पायचा तुकडा आणि धुतलेले मोजे तिने पिशवीत घातले. बस वळेपर्यंत त्याचा लांब हात खिडकीतून हलत होता. डावाच.

पाच वाजता आर्डिस स्टुलावर बसली. गस आज चांगलाच रंगात होता. आदल्या दिवशी हेनिंगरने दोन होमरन मारले होते.

"बोला आर्डिसबाई. तुमच्या हेनिंगरचे हिशेब आज चुकते झाले म्हणे. कोणीतरी एक पोरगा गेला खालच्या टीममधला. फुकटात पडला की नाही सौदा?"

"कोणीतरी नाही," आर्डिस म्हणाली. "डेल्विन पिकेट. त्याची बस जाऊन दोन तास झाले, तुझ्या बातम्यांत एकदाही त्याचं नाव आलं नाही. म्हण बघू."

गस जरा चपापला. पण शाळेत वाटाणे त्यानेही तिच्याच हातचे खाल्ले होते. "डेल्विन पिकेट," तो मुकाट्याने म्हणाला.

"हां. गुणी पोरगा आहे. गादी फाटेपर्यंत चेंडू टाकतो आणि भांडी घासतो."

"म्हणजे सौदा चुकला म्हणता?"

आर्डिसने फोनची तार बोटाभोवती गुंडाळली. मर्ल वारल्यापासून तिने गसशी पुष्कळ वाद घातले होते, पण बेसबॉलच्या बाबतीत खोटं कधी बोलली नव्हती.

"सौदा चांगला झाला," ती म्हणाली. "आपण पहिल्या जागेवर आहोत. हेनिंगर मारतोय. मी म्हटलं होतं तसंच सगळं झालं, आणि मला आज जेवण गेलं नाही."

कुंपणापलीकडे व्हर्नाने आपल्या रेडिओचा आवाज वाढवलेला आर्डिसला ऐकू आला. गसने घसा साफ केला आणि गाडी रुळावर आणायला तिला नेहमीचा प्रश्न विचारला, की बरं, आता आपल्या टीमला काय कमी आहे?

या प्रश्नाला आर्डिस थीसनकडे उत्तर नाही असं कधी झालं नव्हतं.

"डावखुरा पिचर," ती म्हणाली.

"तो आता कुठून आणायचा?"

"टिंबरमेनकडे एक आहे. आत्ता बसमध्ये बसलाय, उद्या पोचेल. चांगला आहे, मी खात्रीने सांगते."

"अहो बाई, पण ते सोडतील का त्याला? बदल्यात द्यायचं कोणाला?"

आर्डिसने माडीच्या जिन्याकडे एकदा पाहिलं.

"हेनिंगर द्या," ती म्हणाली.