उलटी रांग

सिरसाळ्याकडच्या आमच्या गावात सगळे त्यांना नुसतं कॉम्रेड म्हणत. खरं नाव बहुधा त्यांनाही आठवत नसावं. पारावर ते मार्क्स सांगू लागले की हातातला चहा गार व्हायचा, उन्हानं पुन्हा तापायचा, पण वरकड मूल्य काही संपायचं नाही.

दुष्काळात टँकर यायचा. लोक पहाटेच घागरी मांडून नंबर लावत. पुढच्या घागरी कायम साखर कारखान्याच्या चेअरमनच्या आणि तत्त्वापायी सगळ्यात शेवटची कॉम्रेडची. मागच्या बायांना पाणी उरत नसे.

एक दिवस कॉम्रेड टँकरपुढं आडवेच झाले. "आज मागून भरायचं! हीच क्रांती!" त्या आवाजानं माजलगावच्या धरणात लाटा उठल्या असत्या, पण तिथंही पाणी नव्हतं.

ड्रायव्हरनं मुकाट्यानं पाइप मागं नेला. तर पहिली घागर कॉम्रेडचीच!

"आत्ता कळलं, क्रांती कशापायी करतेत!" चेअरमन खिदळले.

कॉम्रेड दाढीसकट लाल झाले. एक शब्दही न बोलता (गावानं असला चमत्कार पाहिलाच नव्हता) त्यांनी घागर उचलली आणि दुसऱ्या टोकाला, चेअरमनच्या घागरींपल्याड नेऊन ठेवली. साऱ्या बायांचं पाणी भरलं आणि चेअरमनपाशी येऊन टँकर आटला.

"तुमी बी कोरडेच की, कॉम्रेड!" चेअरमननी डिवचलं.

"व्हय. पण जल्मात पयल्यांदा आपुन एका वर्गात आलो. बसा, वर्ग म्हंजी काय ते सांगतो."

चेअरमनचा घसा इतका सुकला होता, की त्यांना नको म्हणताच आलं नाही.