पाण्याच्या कोर्सबद्दल दोन चांगले शब्द

भिंतीएवढ्या पडद्यावर हिंदीत लिहिलं होतं, "अम्मा बोलती बहुत हैं. अगली बार सिर्फ़ उनका नल लीजिए, उनको नहीं."

सगळा हॉल हसला.

मी पहिल्या रांगेत बसले होते. मऊ खुर्चीत. अंगावर लग्नकार्याला नेसते ती साडी. हातात त्यांनीच दिलेलं गुलाबाचं फूल. त्यांना वाटलं असेल, म्हातारीला कुठं वाचता येतं. मी चौथीपर्यंत शिकले आहे. मराठी शाळेत, इथंच, शहराच्या लश्कर भागात. अक्षरं तीच, हिंदीला वेगळे डोळे लागत नाहीत. मी वाचलं. पुन्हा वाचलं. शेजारी बसलेल्या मुलीकडे पाहिलं. तिनं हसू दाबायला तोंडावर ओढणी धरली होती.

माइक हातात धरलेले सर म्हणाले, "अरे भाई, थोड़ा सीरियस." पण तेही हसतच होते.

तो इंजिनिअरिंग कॉलेजचा हॉल होता. शहरात पाणी कसं येतं, कुठून येतं, किती जोरानं येतं, हे शिकवायचा एक कोर्स तिथं आहे. कोर्स संपला की पोरं लिहून देतात, काय आवडलं, काय नाही. त्याला फीडबॅक म्हणतात. खाली नाव लिहायचं नसतं. त्या दिवशी ते सगळ्यांसमोर वाचत होते, कारण कॉलेज तपासायला बाहेरून माणसं आली होती. आणि मी तिथं होते, कारण पोरं शिकली होती माझ्या दारातल्या नळावर.

आमची गल्ली दौलतगंजच्या मागं, चढावर आहे. पाणी एकाआड एक दिवस येतं. सकाळी, थोडा वेळ. खालच्या मोहल्ल्यातल्या मोटरींनी ओढून जे उरतं ते आमचं. कधी पिंप भरतं, कधी अर्धंच. त्यावर दोन दिवस काढायचे. बायका त्या वेळेला दुसरं कुठलंही काम धरत नाहीत. नळाला पाणी असताना आमच्या गल्लीत माणूस मेला तर रडणंसुद्धा हंडे भरल्यावर होईल.

माझं काम बाळंतिणींचं. न्हाऊ घालायचं, मालिश करायची, बाळाला पायावर घेऊन अंघोळ घालायची. मराठी घरांत केलं, हिंदी घरांत केलं. म्हणून गल्लीत लोक माझं ऐकतात. हे सरांना कुणीतरी सांगितलं असणार.

कोर्स शिकवणारे हे सर मराठी. "मावशी, तुम्ही आपल्यातल्या का?" असं विचारत आले. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून इथल्या मराठी दरबाराच्या कारभाराला आले, आमचे त्याच दरबाराच्या फौजेतल्या घोड्यांना दाणा घालायला आले. आपल्यातल्या म्हणजे एवढंच. पण ते माझ्या ओट्यावर बसले. चहा प्यायले. कप स्वतः उचलून आत ठेवला. त्यांच्या घराण्यातल्या कुणी असं केलेलं मी पाहिलं नव्हतं.

ते म्हणाले, "पोरांना तुमच्या नळावर माप घ्यायचंय. त्याचा रिपोर्ट वर जाईल. मग तुमच्या गल्लीला पाण्याची जाड लाइन मिळायला सोपं पडेल. फक्त तेवढा वेळ बाकीच्यांनी नळ बंद ठेवायचे. थोडाच वेळ."

मी घरोघर गेले. समोरची कमला कंबरेवर हात ठेवून उभी. म्हणाली, "और उतने में पानी चला गया तो?"

"मैं बैठी हूँ न," मी म्हटलं.

पाण्याच्या दिवशी सकाळी कॉलेजची बस गल्लीच्या तोंडाशी लागली. पोरं उतरली. कुणी नाकाला रुमाल, कुणी मास्क. माझ्या नळाला त्यांनी एक घड्याळासारखं यंत्र जोडलं. ते पाहून झालं. मग बादली लावली. एक पोरगा वेळ बघायचा, दुसरा लिहायचा, तिसरा भरलेली बादली उचलून गटारात ओतायचा. परत लावायचा. भरली की ओतायचा.

मी पिंप सरकवत आणलं. म्हटलं, "बेटा, इसमें डाल दो."

"आंटी, हटिए. रीडिंग ख़राब हो जाएगी."

दारादारात बायका हंडे घेऊन उभ्या. नळ बंद करून. माझ्या शब्दावर. पाणी गटारातून त्यांच्या पायांसमोरून वाहत चाललेलं. मी बादलीची कडी धरली. त्यानं ओढली. मी सोडली नाही. तो ओरडला, "सर, ये आंटी काम नहीं करने दे रहीं!"

सर गल्लीच्या तोंडाशी फोनवर होते. तिथूनच, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, मराठीत म्हणाले, "मावशी, तुम्ही आत जाऊन बसा बरं. तुम्हाला नाही कळायचं ते."

मी आत गेले. माझ्याच घरात, मला कुणीतरी आत जाऊन बस म्हणालं आणि मी गेले.

मग नळ खोकला. बारीक झाला. बंद पडला. बाहेर बायकांनी आपापले नळ सोडले. नुसती हवा आली.

एक गोड चेहऱ्याची मुलगी माझ्याकडे येऊन म्हणाली, "शाम को भर लेना न, आंटी." वाईट मनानं नाही म्हणाली. तिच्या घरी गच्चीवर टाकी असेल, संध्याकाळी येत असेल पाणी. पाण्याचा कोर्स शिकत होती आणि आमच्याकडे संध्याकाळी पाणी येत नाही हे तिला माहीत नव्हतं. विचारलंही नव्हतं कुणी. जाताना त्यांनी मला रिकामा हंडा हातात देऊन नळाजवळ उभं केलं आणि फोटो काढला.

घरात सून बाळंतीण होती. लेकरू अजून नाळ न पडलेलं. दुपट्यांचा ढीग. पिंपात तळाला गढूळ पाणी.

कमलाकडे गेले. तिनं दार अर्धंच उघडलं. "अपने इंजीनियरों से मँगवा लो, अम्मा." दार लावलं. पुढच्या दारीही तेच. कुणाकडेच पाणी नव्हतं, तर देणार काय. पण त्या दिवशी ते न देणं वेगळं होतं.

खालच्या रस्त्यावर बोअरवालं एक मोठं घर आहे. त्या घरच्या सुनांना मी न्हाऊ घातलंय. त्यांच्या नातवाला पहिली अंघोळ माझ्या पायांवर झाली. मालकीण दारातच म्हणाली, "बगीचे वाले पाइप से भर लो. अंदर वाला मत छूना, आज पूजा है." मी बागेतल्या पाइपनं बादली भरली. तिच्यात माती होती. फडक्यानं गाळली. चढ चढून आणली.

मुलगा टेम्पो चालवतो. तो धंदा सोडून डबे घेऊन फिरला. संध्याकाळी थोडं पाणी मिळालं, ते प्यायला ठेवलं. सुनेचं अंग मी ओल्या फडक्यानं पुसून काढलं. इतक्या घरच्या बाळंतिणींना मी कढत पाण्यानं न्हाऊ घातलं, शेक दिला, धुरी दिली. माझ्या घरची पहिली बाळंतीण फडक्यावर. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मी ओट्यावर बसले की उठून आत जायच्या.

मग सरांचा फोन आला. कोर्स संपतोय, छोटासा सत्कार आहे, गाडी पाठवतो. मी नाही म्हणणार होते. पण कमला स्वतः आली. दारातच उभी राहिली. "अब जा रही हो तो लाइन की बात करके ही आना, अम्मा." मुलगाही म्हणाला, जा. म्हणून मी चांगली साडी नेसले आणि गेले.

तर त्या हॉलमध्ये सर एकेक फीडबॅक वाचत होते. मी प्रत्येक शेवटपर्यंत वाचत होते. "बस में एसी होना चाहिए." "विज़िट बहुत सुबह थी." "नाश्ता ठंडा था." "गली में बहुत बदबू थी." "नल वाला प्रैक्टिकल सबसे बढ़िया, एकदम रियल." मग ते माझ्याबद्दलचं. मग पुढचं. पुढचं. हसले ते मी गिळलं. मी दुसरंच शोधत होते. एवढी पोरं. कुणा एकानं तरी लिहिलं असेल की आम्ही त्या लोकांचं पाणी ओतलं. नाव लिहायचं नव्हतं, भीती नव्हती. कुणीतरी लिहिलं असेल.

पडद्यावर "धन्यवाद" आलं. कुणीही लिहिलं नव्हतं.

सर माझ्याजवळ वाकले. हळू, मराठीत म्हणाले, "मावशी, आता तुम्ही दोन चांगले शब्द बोला. पोरांनी छान काम केलं म्हणा. बाहेरची माणसं बसलीत. तुमच्या लाइनचं मी बघतो."

माइक माझ्या हातात दिला.

दोन शब्द. जन्मभर बोलत आले आहे. जुनी साडी दिली, छान. शिळं जेवण दिलं, छान. मजुरी पुढच्या महिन्यात, बरं. जीभ त्या शब्दांवर आपोआप जाते. लाइन यायची असेल तर त्या दोन शब्दांनी येणार होती. मला ते नीट कळत होतं. कमला ओट्यावर वाट बघत असेल हेही कळत होतं.

मी विचारलं, "उस दिन तुम लोग नहा के आए थे?"

पोरं हसली. काहींनी हात वर केले.

"हमारे यहाँ कोई नहीं नहाया. मेरी बहू की जचकी हुई थी, वो भी नहीं. हमारा पूरा पानी तुमने नाली में डाला. ये भी लिखो उसमें."

 सरांनी माइक काढून घेतला. "अम्मा थोड़ी भावुक हो गई हैं," म्हणाले. मी भावुक नव्हते. माझे गुडघे दुखत होते आणि मी उभी होते.

मग बाहेरून आलेल्यांपैकी एकानं टाळी वाजवली. त्याचं पाहून दुसऱ्यानं. मग सगळ्यांनी. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. ओढणीवाली मुलगी उठून आली, माझ्या खांद्याला खांदा लावून तिनं फोनवर फोटो काढला. "अम्मा, आपने क्या बोला! एकदम दिल से."

हसले तेव्हा मला राग आला होता. टाळ्या वाजल्या तेव्हा रागही उरला नाही. मी आरोप केला होता. त्यांनी तो कार्यक्रमातला एक नंबर म्हणून पाहिला. माझं बोलणंसुद्धा त्यांच्या कोर्सात जमा झालं. नळ, पाणी, फोटो, आणि आता हे. बोलून यांना काही होत नाही. बोलणं यांना आवडतं. त्यांना लागतो तो नळ. तेवढा एकच माझ्या हातात आहे. हे मला तिथं, टाळ्यांत उभी असताना समजलं. फार उशिरा समजलं, या वयात.

दाराशी सर म्हणाले, "मावशी, चार लोकांत माझी अब्रू घालवलीत. आता लाइनचं माझ्याकडे काढू नका."

परतीची गाडी नव्हती. फूल तिथल्याच पायरीवर ठेवलं. इंदरगंजच्या चौकातून चालत आले, थांबत थांबत, दुकानांच्या पायऱ्यांवर बसत.

कमला ओट्यावरच होती. सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "दो शब्द बोल देतीं तो ज़बान घिस जाती?"

  लाइन आली नाही. उन्हाळ्यात पाणी आणखी बारीक झालं. मुलगा एकदा जेवताना म्हणाला, "आई, तुला त्या दिवशी गप्प बसता आलं असतं." मी त्याच्या ताटात पोळी वाढली. 

यंदा नवी पोरं आली. तीच बस, तीच यंत्रं. पाण्याचाच दिवस. सर पुढे. जणू काही झालंच नव्हतं, असे हसत. "मावशी, मागचं विसरा. या वर्षी लाइनचं नक्की."

मी नळासमोर उभी राहिले. पाठीमागं बायका दारांत. त्या माझ्या बाजूनं होत्या की सरांच्या, मी वळून पाहिलं नाही.

"नळाला हात लावायचा नाही," मी म्हटलं.

"अहो, तुमच्याच फायद्याचं आहे. गल्लीचं नाव रिपोर्टातून काढावं लागेल मग."

"काढा."

"मावशी, नुकसान तुमचं आहे."

"आमचंच असतं. काढा."

सर वळले. मग पोरांना हिंदीत म्हणाले, "चलो, बगल वाली गली देखते हैं."

मी म्हटलं, "बघा. तिथं मी कालच जाऊन आले आहे."

शेजारच्या गल्लीनंही त्यांना नळ दिला नाही. फक्त एका घरी दिला, तिथं मी पोहोचले नव्हते. माझी चूक. म्हणून आता नेमानं जाते. ज्या ज्या घरी बाळंतिणीला न्हाऊ घातलं, त्या प्रत्येक घरी. आत बोलावलं तर आत, नाहीतर दारात उभी राहून सांगते. पाणी येतं तेव्हा नळ कुणालाही द्यायचा नाही. शिकायला नाही, फोटोला नाही, लाइनच्या वचनावर तर मुळीच नाही. आधी तुमचं पिंप भरेल. ज्याला माप घ्यायचंय त्यानं स्वतःच्या घरचं पाणी ओतून घ्यावं. काही जणी ऐकतात. काही म्हणतात, म्हातारीनं स्वतःची लाइन घालवली, आता आमचीही घालवायला निघाली. त्यांचं खोटं नाही. तरी मी जाते. कमला अजून माझ्याशी बोलत नाही. तिनं पिंपाला कुलूप लावलंय. तिच्या दारीही मी जाऊन सांगितलं. तिनं ऐकलं आणि दार लावलं.

खालच्या मोहल्ल्यात सांगायचं राहिलंय. त्यांच्या मोटरी आमचं पाणी ओढतात, त्यांच्याशी आमचं भांडण जुनं आहे. शिव्या देतील. देऊ देत. उद्या पाण्याचा दिवस नाही, बायका मोकळ्या असतील. उद्या सकाळीच तिकडं उतरते.