आधी तुझा घास

लेक जेवत नव्हती. दुःख म्हणाल तर एवढंच होतं, पण ते रोज संध्याकाळी ताटात तसंच उरायचं आणि मला ते बघत बसावं लागायचं.

आम्ही निलंग्याकडचे. अश्विनीला दहावीला चांगले गुण पडले तेव्हा गावात जो तो म्हणाला, "लातूरला टाका." आम्ही टाकलं. टाकलं म्हणजे तिच्याबरोबर मीही आले. शेतीसाठी हे मागे राहिले आणि मी क्लासच्या गल्लीत खोली करून राहिले. त्या काळात त्या गल्लीत घरोघरी अशा आया होत्या. नवरा गावी, लेकरू क्लासला आणि आपण कुकरपाशी. पहाटे सगळ्या खोल्यांतून शिट्ट्या सुरू झाल्या की वाटायचं, परीक्षा आम्हा बायांचीच आहे. पण लेकीला डॉक्टर करायचं होतं. अभ्यासातलं मला काही कळत नव्हतं, म्हणून मला जमण्यासारखं होतं ते मी केलं. देवीला नवस बोलले. हिचा नंबर लागेपर्यंत मी दुपारी एकदाच जेवीन, त्यानंतर पाण्याशिवाय काही तोंडात घालणार नाही.

संध्याकाळी ती आली की गरम भाकरी तिच्या ताटात टाकायची आणि समोर बसून राहायचं, हा माझा नेम. ती दोन भाकरी खायची, त्याची एक झाली, मग अर्धी, मग चतकोर. एक दिवस क्लासमध्येच चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर सगळं ठीक. ते म्हणाले, कुटुंब समुपदेशन करणाऱ्या एक ताई आहेत, त्यांना भेटून या. मला रागच आला. आमच्या घरात भांडण नाही, तंटा नाही. आम्हाला समुपदेशन कशाला? त्याहून जास्त राग देवीचा आला. मी पोटाला चिमटा घेत होते आणि ही माझ्या लेकीच्या तोंडचा घास काढून घेत होती. तिथे कुणी ऐकतंय की नाही, अशी शंका त्या दिवसांत मनात बसली ती बसलीच.

ताईंना सगळे ताईच म्हणत. गेलो तेव्हा त्या ओसरीवर उशीला टेकून बसल्या होत्या. बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वेडीवाकडी, गुडघे सुजलेले. तरुणपणापासूनचा संधिवात. भूकंपानंतर त्या पत्र्याच्या शेडांमधून हिंडल्या होत्या. घरंदारं गेलेल्या माणसांमध्ये नंतर जे तंटे उभे राहिले, ते ऐकत बसायच्या, जमेल तसे मिटवायच्या. त्या म्हणायच्या, "काम अन् दुखणं, दोन्ही तिथंच मागं लागलं. आता काम सोडलं तर दुखणं एकटं पडंल."

ज्या दिवशी हात अगदीच उचलत नसे, त्या दिवशी आलेल्या माणसालाच त्या भरवायला लावत. त्यातही त्यांचा एक नियम होता. भरवणाऱ्याने आधी त्याच ताटातला एक घास स्वतः घ्यायचा. "उपाशी माणसाच्या हातचं मला पचत न्हाई," म्हणायच्या. भांडत आलेले नवरा-बायकोसुद्धा आधी असे पाळीपाळीने जेवत, आणि पोटात अन्न गेलं की आवाज आपोआप खाली येई.

त्या दिवशीही हात दुखतच होते. अश्विनीने वरणभाताचा घास उचलला.

"आधी तुजा," ताई म्हणाल्या.

पोरीने माझ्याकडे पाहिलं. घास हातातच राहिला. "आई संध्याकाळी जेवत न्हाई," ती म्हणाली. "समोर बसून बघती नुसती. मला गिळवत न्हाई."

इतक्या महिन्यांत हे मला बोलली नव्हती. मग मी ताईंना नवसाचं सांगितलं. ताई जराही रागावल्या नाहीत. "नवस तू बोललीस गं," मला म्हणाल्या, "अन् फेडून राहिली लेक."

"देवीला दिलेला शब्द आहे, ताई. मोडू कसा?"

"मोड म्हणून मी न्हाई सांगणार. ते तुजं अन् तिचं. पोरीला मात्र रोज संध्याकाळी माझ्याकडं धाड, मला भरवायला."

लेक जाऊ लागली. तिथे दोन-चार घास पोटात जायचे, घरी मात्र तेच. मला नवस धरवतही नव्हता आणि सोडवतही नव्हता. शेवटी एका संध्याकाळी देव्हाऱ्यापुढे बसून म्हटलं, बाई, माझी अक्कल संपली, आता तूच बघ. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्याकडे काही मागितलं नाही.

लगेच दारात अश्विनी उभी. हातात पानाची पुडी. लोहा गावचं एक जोडपं माहूरला जाऊन ताईंना भेटायला आलं होतं. त्यांनी आणलेला तांबूल, म्हणजे रेणुकामातेचा प्रसादाचा कुटलेला विडा, ताईंनी अर्धा आमच्याकडे धाडला होता. आमच्याकडे देवी म्हटलं की सगळे तुळजापूरचीच धरतात. माहूरची माझ्या माहेरची, नवस तिलाच बोलले होते. नवस कोणत्या देवीला बोलले, हे मी ताईंना सांगितलं नव्हतं आणि लेकीलाही नाही.

प्रसादाला नाही म्हणता येत नाही. मी तो तोंडात घातला आणि माझा नवसाचा नेम तिथेच सुटला. सोडवायला ती स्वतः आली, असं मला वाटलं आणि अजून वाटतं. कुणाला योगायोग वाटला तर माझा वाद नाही. अश्विनी बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत होती. मग म्हणाली, "आता जेवू?" आम्ही एकाच ताटात जेवलो. मला रडू येत होतं, तिला भूक लागली होती.

लेक डॉक्टर झाली नाही. मुरूडला शाळेत शिकवते, पोटभर जेवते, मला वर टोमणेही मारते. मी त्यानंतर नवस बोलले नाही. देवीपुढे हात जोडते ते, आहे ते तुझं, एवढं म्हणायला.

गेल्या माघात ताई गेल्या. त्याआधी मी भेटायला गेले तेव्हा सगळे सांधे धरले होते, पाणीही कष्टाने उतरत होतं. मी मऊ भात कालवून घास ओठांशी नेला. त्यांनी ओठ मिटले आणि डोळ्यांनी माझ्या तोंडाकडे खुणावलं. मी खाल्ला. दुसरा केला, तोही मलाच. आपल्या माणसाच्या उपाशी तोंडासमोर घास कसा अडतो, लेकीने काय सोसलं होतं, ते मला त्या दिवशी कळलं. ताई शांतपणे बघत होत्या. मी ताट संपवलं. त्यांनी दिलेला प्रसाद होता तो, त्याला नाही म्हणता येत नाही.