भाऊ आमदार होईपर्यंत

पूर्णेच्या काठी, खारपाणपट्ट्यात, बोरखडी नावाचं गाव आहे. तिथल्या विहिरींचं पाणी खारं, पण माती काळीशार. पावसाळ्यात ती चालणाऱ्याचा पाय सोडत नाही आणि उन्हाळ्यात अशी उलते की शेळीचं खूर भेगेत अडकावं. या मातीवरून खुशालराव गावंडे दोन निवडणुका सरून तिसरी येईपर्यंत अनवाणी चालले.

चप्पल घ्यायची ऐपत नव्हती म्हणून नव्हे. घरचं रान चांगलं होतं, कपाशी आणि तूर दर साल घरात येत होती, आणि मुलगा अमोल अकोल्यात बी-बियाण्यांचं दुकान टाकून जठारपेठेत सुखानं राहत होता. खुशालराव अनवाणी होते, कारण तसं ते बोलून बसले होते.

तालुक्याचे पुढारी देवानंदभाऊ पहिल्यांदा आमदारकीला उभे राहिले आणि पडले, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मारुतीच्या पारावर गाव जमलं होतं, मयतीला जमावं तसं. भाऊ स्वतः आले होते. डोळे सुजलेले, अंगावर कालचाच सदरा. कोणी बोलेना. महिनाभर जीपमागे फिरून खुशालरावांचा घसा बसला होता. त्यांना ती शांतता सहन झाली नाही. ते उठले, पायातल्या चपला काढल्या आणि देवळामागच्या नाल्यात भिरकावल्या.

"भाऊ आमदार होईपर्यंत," ते म्हणाले, "या पायात चप्पल येणार नाही."

भाऊंनी त्यांना मिठी मारली. गावानं टाळ्या वाजवल्या. तोंडातून निघताना शब्द हलका असतो. तो वाहून न्यायला लागलं की त्याचं वजन कळतं. खुशालरावांनी त्या वेळी मनात हिशेब केला होता, तो एवढाच, की पाच वर्षं म्हणजे कपाशीची पाच पिकं. निघून जातील.

घरी बायकोनं, सुभद्रानं, पायाकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं.

"आमदार त्याले व्हाचं हाये, आन उपास तुमच्या पायाले?"

खुशालराव पाय धुवायला न्हाणीकडे गेले.

पहिला उन्हाळा वाईट गेला. अकोल्याच्या बसस्टँडवर डांबर असं तापे की ते उभ्या ऑटोंच्या सावलीसावलीनं, कधी वळसा घेऊन, कधी उडी मारून बाजारापर्यंत जात. टाचांना चिरा पडल्या. सुभद्रा बोलणी देत देत त्यांत बिब्ब्याचं तेल भरी. पण पाय म्हणजे गरीब जनावर. सांगाल ते शिकतात. दुसऱ्या सालापर्यंत तळवे बैलाच्या खुरासारखे घट्ट झाले आणि खुशालराव कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या काड्यांवरून गादीवरून चालावं तसे चालू लागले.

आणि नाव झालं. भाऊंची सभा कुठेही असो, मूर्तिजापूरला की दर्यापूरला, भाऊ भाषणाच्या मध्येच थांबत आणि हात लांब करून म्हणत, हा पाहा माझा हनुमान. मग खुशालराव मंचावर जाऊन उभे राहत. लोक मान उंचावून त्यांचे पाय पाहत. काही म्हाताऱ्या तर खाली वाकत. लग्नात गेले की त्यांच्या पायांसाठी वेगळं पाणी निघे. त्यांना हे आवडत नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. माणूस जन्मभर नांगरामागे चालतो तेव्हा त्याच्या पायांकडे कोणी पाहत नाही.

पुढची निवडणूक आली. ती जागा मित्रपक्षाला सुटली. भाऊ हात चोळत घरी बसले आणि खुशालरावांचे पाय आणखी पाच वर्षांसाठी मातीत राहिले. गावातली पोरं त्यांना "मुदतवाढ" म्हणू लागली. ते ऐकून न ऐकल्यासारखं करत.

मग यंदाच्या उन्हाळ्यात तुरीचं एक धसकट त्यांच्या उजव्या पायात, करंगळीच्या खाली, घुसलं. धसकटं पूर्वीही घुसली होती. काढायचं, हळद दाबायची, कामाला लागायचं. ही जखम मात्र भरेना. आखाडी झाली, पोळा झाला, आणि करंगळी काळसर दिसायला लागली. अमोलनं त्यांना गाडीत घालून अकोल्याला नेलं. तिथे डॉक्टर चारुता म्हणून होत्या. त्यांनी रक्त तपासलं आणि सांगितलं की साखर आहे, बरीच जुनी आहे, आणि आता अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही, घरातसुद्धा नाही. नाही तर बोट जाईल, आणि बोटावर थांबेलच असंही नाही.

खुशालरावांनी थोडा विचार केला.

"दिवाळीनंतर इलेक्शन हाये, मॅडम. तवा घातली तं चालन काय?"

"जखमेला इलेक्शन कळत नाही, काका," डॉक्टर म्हणाल्या.

सून पौर्णिमा त्याच संध्याकाळी मऊ तळाच्या चपला घेऊन आली. खुशालरावांनी त्या कौतुकानं हातात घेतल्या, उलटसुलट पाहिल्या, चांगल्या आहेत म्हणाले आणि गावी न्यायच्या पिशवीत ठेवून दिल्या. अमोल चिडून दुकानात निघून गेला. गावी परतल्यावर मारुतीचे पुजारी नत्थुजी आपण होऊन घरी आले. त्यांचं म्हणणं असं की एक नारळ फोडू, देवापुढे हात जोडू, म्हणजे व्रत उतरलं. देव काही सावकार नाही.

"देवाले म्या काही बोललो नोतो, नत्थुजी," खुशालराव म्हणाले. "गावाले बोललो होतो. देव सोडते. गाव सोडत नाही."

सुभद्रा रोज रात्री जखम धुई आणि पट्टी बांधी. वरून ती पायमोज्यासारखं कापड गुंडाळू लागली. त्याला चप्पल म्हणता येत नाही, यावर दोघांचं एकमत झालं. आता सगळी आशा भाऊंच्या तिकिटावर होती.

दिवाळी उंबरठ्यावर असताना पक्षाची यादी आली. तिच्यात भाऊंचं नाव नव्हतं. सकाळी भाऊंच्या घरासमोर गर्दी होती, बाया रडत होत्या. दुपारी भाऊ अमरावतीला गेले. संध्याकाळी बोरखडीतल्या प्रत्येक मोबाइलवर एकच फोटो होता. भाऊंच्या गळ्यात दुसऱ्या पक्षाचा दुपट्टा, हातात त्याच पक्षाचं तिकीट, आणि चेहऱ्यावर नवरदेवाचं हसू.

खुशालरावांनी तो फोटो बराच वेळ पाहिला. जुना पक्ष त्यांच्या वडिलांपासूनचा. वडील त्याचा झेंडा खांद्यावर घेऊन बैलगाडीनं अकोल्याच्या सभेला जात. खुशालरावांना राग आला नाही. आपल्या गोठ्यातलं जनावर बाजारात दुसऱ्याच्या दावणीला बांधलेलं दिसावं, आणि त्यानं ओळखही दाखवू नये, तसं काहीसं झालं.

त्या दिवशी पारावर गाव पुन्हा जमलं. कोणी म्हणत होते, भाऊंनी बरोबर केलं. किती दिवस दुसऱ्याच्या पालख्या उचलायच्या. कोणी भाऊंच्या सात पिढ्या काढत होते. पण एका गोष्टीवर दोन्ही बाजू एक होत्या. खुशालभाऊ सुटले. ज्यानं पक्ष सोडला त्यानं हेही व्रत सोडवलं, आता घाला चप्पल, गावाची ना नाही. ज्या गावाचा धाक होता तेच गाव दार उघडून उभं होतं.

खुशालराव पायावरची पट्टी सारखी करत म्हणाले, "म्या पक्षाचं नाव घेतलं नोतं. भाऊचं घेतलं होतं. भाऊनं आपला शब्द मोडला, ते त्यानं पाहावं. माहा म्या काहून मोडू?"

मग बोलणं सोयाबीनच्या भावाकडे वळलं.

तीन-चार दिवसांनी भाऊ स्वतः आले. सोबत बंडू होता. भाऊंचा फोन, डायरी आणि निम्मी बुद्धी सांभाळणारा माणूस. भाऊ ओसरीवर बाजेवर बसले, चहा घेतला, मतदारसंघाचा विकास कसा अडला होता ते सांगितलं. मग मुद्द्यावर आले. प्रचाराच्या पहिल्या सभेला मंचावर खुशालराव हवे होते. ते दिसले नाहीत तर लोक काय म्हणतील. खुशालरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि येणार नाही म्हणून सांगितलं. आवाज चढवला नाही. भाऊंचं लक्ष पट्टीकडे गेलं. बहुधा तेव्हा त्यांना खरंच वाईट वाटलं.

"मंग मीच सोडवतो तुमाले, खुशालभाऊ. माह्याच नावाचं व्रत हाये ना? घाला चप्पल."

"तुमी आमदार झाले काय?"

"होतो आता."

"मंग तवा."

भाऊ हसत उठले. गाडीत बसताना मात्र हसत नव्हते.

आता गोष्ट इतकी सरळ झाली होती की शाळेतल्या पोरालाही कळावी. भाऊ निवडून आले तर खुशालरावांचा पाय वाचण्याची आशा. पडले तर पुढची पाच वर्षं माती, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं. सुभद्रानं मन एका दिवसात पक्कं केलं. शेजारच्या माणिकबाईनं विचारलं की यंदा तुमचं घर कोणाकडे, तेव्हा ती ठासून म्हणाली, "माह्यं मत ना या पक्षाले, ना त्या. माह्यं मत यायच्या बोटाले." एवढं बोलून ती थांबली नाही. कापूस वेचायला जाणाऱ्या बायांत तिनं प्रचार केला, पापड लाटताना केला, नळावर केला. भाऊंच्या पक्षाला कळलंही नाही की बोरखडीत त्यांचं सगळ्यात मोठं काम एका करंगळीसाठी चाललं आहे.

मतदानाच्या दिवशी खुशालराव लंगडत शाळेत गेले. पडद्याआड यंत्रासमोर उभे राहिले. भाऊंचं नाव तिथे होतं, शेजारी नवी निशाणी, त्या नावाला परक्या घरातल्या कपड्यांसारखी. जुनी निशाणी दोन ओळी वर होती, आणि तिच्यासमोर एका अशा माणसाचं नाव होतं ज्याला त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पायात ठणका होता. ते इतका वेळ उभे राहिले की बाहेरून मतदानाचे साहेब खाकरले. मग बोट आपोआप वर गेलं असं नाही. खुशालरावांनी ते नेलं. जुन्या निशाणीसमोरचं बटण दाबलं, आवाज झाला, आणि ते बाहेर आले. सुभद्रानं विचारलं नाही. तिला विचारावंसं वाटलं नाही, इतकी ती निश्चिंत होती.

निकालाच्या दिवशी दुपारपर्यंत भाऊ मागे होते, मग पुढे गेले आणि पुढेच राहिले. बोरखडीत फटाके वाजले. खुशालराव गोठ्याजवळ बसून ऐकत होते. जो माणूस निवडून येऊ नये म्हणून आपण मत दिलं, तोच आपल्याला सोडवून गेला होता. यात आनंद मानावा की लाज, हे ठरेना. पण बोललेलं पुरं झालं, एवढं नक्की होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ते एकटेच अकोल्याला गेले. मुलाकडे न जाता थेट मोर्णेचा पूल ओलांडून जुन्या शहरात गेले. सुनेनं आणलेल्या चपलेत पाय शिरला नव्हता, ते त्यांनी पहाटेच करून पाहिलं होतं. तिथल्या चपलांच्या दुकानातल्या माणसानं एकामागून एक जोड काढले. इतक्या वर्षांत पाऊल पसरून वडाच्या पानासारखं झालं होतं आणि बोटं एकमेकांपासून दूर गेली होती. शेवटी एक रुंद, सैल पट्ट्याचा जोड बसला. ते दुकानातून निघाले आणि गल्लीत दोनदा थांबून मागे पाहिलं. कोणी तरी पाठीमागून चालत येतंय असं वाटत होतं. तो त्यांच्याच चपलांचा आवाज होता.

त्याच आठवड्यात अकोल्यात भाऊंचा सत्कार होता. बंडूचा फोन आला होता, गाडी पाठवतो म्हणून. खुशालराव बसनं गेले. सभागृहाच्या दाराशी बंडू उभा होता, हातात पितळी ताट, ताटात मखमलीवर कोल्हापुरी चपलांचा कोरा जोड. आमदार स्वतःच्या हातानं आपल्या हनुमानाच्या पायात चप्पल घालणार, पेपरवाले येऊन बसलेले. बंडूनं खुशालरावांच्या पायाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"काकाजी, हे काय करून बसले? काढा बरं. माह्या गाडीत ठेवतो."

"भाऊ आमदार झाले ना?"

"झाले."

"मंग माह्यं काय चुकलं?"

"दोन मिंटाचं काम हाये, काकाजी. फोटो झाला का घाला परत."

"बंडू," खुशालराव म्हणाले, "एवढी वर्षं म्या कोणाच्या सांगण्यावरून अनवाणी नोतो. आता दोन मिंटं तरी काहून राहू?"

ते आत जाऊन मागच्या रांगेत बसले. भाऊंनी भाषणात नाव घेतलं, हात लांब केला. खुशालराव जागेवरच उठले आणि हात जोडले. लोकांच्या माना वळल्या, डोळे खाली गेले, आणि सभागृहात कुजबुज पसरली. भाऊंना पाहता पाहता समजलं. पण ते उगाच निवडून आले नव्हते.

"आमच्या हनुमानाले धीर निंघाला नाही," ते हसून म्हणाले. "तेही बरोबरच हाये. लय वाट पाह्यली त्यायनं."

लोक पोट धरून हसले, टाळ्या पडल्या. खुशालरावांनीही वाजवल्या. ताट मंचाच्या कडेला तसंच राहिलं आणि कार्यक्रम पुढे सरकला.

पौषात करंगळी काढावी लागली. पाऊल वाचलं, महिनाभर आधी चप्पल घातली असती तर बोटही वाचलं असतं, असं डॉक्टर चारुता म्हणाल्या. खुशालराव जठारपेठेत अमोलच्या घरी पाय उशीवर ठेवून पडून होते. खिडकीत ऊन आलं होतं. सुभद्रा बाजूला तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. कशावरून तरी निवडणुकीचा विषय निघाला, आणि भाऊ अगदी थोड्या मतांनी आले, आमच्या गल्लीतल्या बायांनीच आणले, असं ती अभिमानानं म्हणाली.

"माह्यं मत जुन्यालेच गेलं," खुशालराव म्हणाले.

सुभद्राचे हात थांबले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग उशीवरच्या पायाकडे पाहिलं, जिथे आता चारच बोटं होती.

"म्हंजे मी गावभर हिंडून तुमच्या बोटासाठी मतं मागून राहिली होती, आन तुमी आत जाऊन बोटाच्या इरोधात?"

"हो."

मग तिला हसू फुटलं, आणि ते आवरेना. पदर तोंडाला लावून ती हलत राहिली. आत पौर्णिमा डोकावून गेली. हसणं सरल्यावर सुभद्रानं डोळे पुसले, पुढे होऊन त्यांच्या पायाखालची उशी सारखी केली आणि पुन्हा शेंगा हातात घेतल्या.

"पुढच्या खेपेले पारावर काही बोलाचं असलं," ती म्हणाली, "तं आधी घरी मले इचारून घ्या."

"बरं," खुशालराव म्हणाले.