दयारामच्या तोंडचं माझं वाक्य

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. आई गेली, तिला नाही सांगितलं. भावाला नाही. आता लिहायला बसले, तरी दोनदा उठून चहा ठेवून आले — एकटीसाठी किती चहा करणार?

गेल्या महिन्यात नागपूरहून भाची आली होती. कुठल्याशा हसवणाऱ्या माणसाचे कार्यक्रम बंद केले म्हणे, वाईट विनोद केला म्हणून. मोबाइलवर सगळे भांडत होते. तिनं मला विचारलं, "आत्या, तुले काय वाटते? एका विनोदासाठी मानसाचं काम काढून घ्यावं काय?"

"मले काय समजते त्यातलं," मी म्हटलं आणि तांदूळ निवडत राहिले.

खोटं होतं ते. मला समजतं. आमच्या गावानं एका माणसाचं काम काढून घेतलं होतं, आणि ज्या कागदानं ते गेलं, तो माझ्या हातचा होता.

तेव्हा गोंदिया वेगळा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. पवनीपासून आत आमचं गाव. मी तिथली अंगणवाडीची बाई. लग्न झालं होतं माझं — चार महिने. मग नवऱ्यानं माहेरी आणून सोडलं, परत न्यायला आलाच नाही. गावात मला मान होता. पण माझ्याशी बसून गप्पा मारणारं कोण होतं? एक कौसल्या.

कौसल्या शेतमजुरीला जायची. तिच्या हनुवटीवर केस यायचे, काळे, राठ. अंगणवाडी सुटली की ती माझ्या घरामागच्या सांदवाडीत येई, पाटावर बसून मान वर करी, आणि मी चिमट्यानं एकेक केस काढत असे. डोळे मिटलेले असत तिचे. तितका भरवसा माझ्यावर दुसऱ्या कुणी टाकला नाही — आधीही नाही, नंतरही नाही.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत तिला यायला फुरसत नसे. मग ती नवऱ्याच्याच रेझरनं भागवायची. एकदा त्यानं, श्रावणनं, पाहिलं. पुढच्या बाजाराला पवनीहून दुसरा रेझर आणला आणि मुकाट्यानं फळीवर ठेवून दिला, तिच्यासाठी. हे मला सांगताना ती हसत होती, आणि डोळेही पुसत होती.

मीही हसले. ती गेल्यावर रिकाम्या घरात दिवा लावला.

दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली. दुपारी खडी गंमत होती — शाहीर, नाच्या, आणि उभ्या-उभ्या लोकांना हसवणारा दयाराम. गंमतवाल्यांच्या पार्टीला तोंड रंगवायला अंगणवाडीची खोली दिली होती, म्हणून मी तिथं. दयाराम आरशापुढं बसला होता. गावोगाव विचारायचा तसं त्यानं मलाही विचारलं, "बाई, तुमच्या गावची एखादी गंमत सांगा ना जी. नाव नोको. गावचं काही आलं का लोक खुश होते."

मला कुणी कधी गंमत विचारली नव्हती.

मी म्हटलं, "आमच्या इथं एका घरात दोन रेझर आहेत. एक नवऱ्याचा, एक बायकोचा."

तो इतका हसला, की गालावरचा रंग फुटला. खूप बरं वाटलं मला — हे लपवून काय करू? नाव मी सांगितलं नाही. कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले, की नाव नाही सांगितलं.

पण त्यानं विचारलं, "कोन्या घरी जी?" आणि मी म्हटलं, "निळ्या दाराच्या."

गावात निळं दार एकच होतं.

का म्हटलं? हसण्याच्या भरात? नाही. तो रेझर मला सहन झाला नव्हता. कुणीतरी कुणासाठी काही न बोलता बाजारातून एवढीशी वस्तू आणतो — हे माझ्या चार महिन्यांत कुठं होतं?

दयारामनं ते वाक्य असं खुलवलं, की म्हातारे मांड्या थोपटायला लागले. "लय बरकत आहे जी तुमच्या गावात! लोकाइच्या घरी एक रेझर, निळ्या दाराच्या घरी दोन! एक मालकाचा, एक मालकिनीचा!" आणि त्यानं बाईसारखी मान वळवून हनुवटीवरून हात फिरवला. माना मागं वळल्या. कौसल्या माझ्याशेजारीच बसली होती. मी हसत होते, कारण सगळे हसत होते. तिनं पदर तोंडावर घेतला आणि बायकांच्या पायांतून वाट काढत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात बैठक बसली. काल हसलेलेच लोक आज तापले होते. गावच्या बाईची इज्जत काढली म्हणून दयारामला बोलावून मधोमध उभं केलं. सरपंच म्हणाले, "कोनं सांगतलं तुले हे?"

मी कागद-पेन घेऊन बसले होते. माझं अक्षर चांगलं, म्हणून. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी कागदाकडं पाहिलं.

"कोनीच नाही जी," तो म्हणाला. "माह्याच मनचं होतं."

मग मी लिहिलं — सदर इसमास यापुढे आमच्या पंचक्रोशीत उभे करू नये, अन्यथा पार्टीस कोणतेही गाव बोलावणार नाही. 'पंचक्रोशीत' हा शब्द माझा. ते नुसतं 'गावात' म्हणत होते. पार्टीच्या मालकानं आठवड्यात त्याला काढलं.

कौसल्यानं कुणावर आळ घ्यावा? मंडप बांधायला पार्टीच्या माणसांसोबत श्रावण होता, त्यांचं चहापाणी त्याच्याच घरी झालं होतं. माझं नाव तिच्या मनाला शिवलंही नाही. त्यानं शपथा घेतल्या, एकदा रडलाही. ती त्याच्याशी बोलायची थांबली. ताट वाढायची, पाणी द्यायची, सोबत धानाच्या बांधीत जायची, पण शब्द नाही. वर्षानुवर्षं. आणि सांदवाडीत येऊन मला म्हणायची, "तू आहेस म्हनून जगून राहिली मी."

मी चिमटा धरून तिचे केस काढत राहिले. एकही केस राहू दिला नाही मी. हे सांगायलाच हवं.

दयाराम मला पुढं एकदाच दिसला, शहापूरला, हायवेच्या कामावर. डोक्यावर घमेलं, मिशा पांढऱ्या. मी ओळख चुकवली, त्यानं नाही चुकवली. "बाई, त्या ताई बऱ्या आहेत काय?" त्यानं विचारलं.

"बऱ्या आहेत," मी म्हटलं. बस आली, मी चढले. माझं नाव का घेतलं नाहीस, एवढं तरी विचारायचं होतं. नाही विचारलं. चूक त्याचीही होती, ते दार त्याला गाळता आलं असतं. पण त्यानं आपल्या चुकीसोबत माझीही उचलली, आणि मी ती उचलू दिली.

श्रावण दोन वर्षांपूर्वी वारला. शेवटच्या दिवसांतही ती बोलली नाही. नुसती उशाशी बसून राहायची.

तेरवी आटोपल्यावर ती माझ्याकडं आली. केस काढून घ्यायला नाही, नुसतीच. पाटावर बसली. मग म्हणाली, "त्यानं खरंच सांगतलं असंल काय वो? मले आता वाटून राहिलं, का नसंल सांगतलं."

इथं मला बोलता आलं असतं. घरात आम्ही दोघीच होतो. तो गेला होता, दयारामचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. माझं काय जाणार होतं? ती. तीच एक जाणार होती.

मी म्हटलं, "पुरुष मानसाचा काय भरोसा, कौसल्या."

तिनं मान हलवली. "हो वो," म्हणाली, आणि घरी गेली.

आजही ती येते. आत्ता संध्याकाळीही येईल. हा कागद मी इथंच, खाटेवर, उघडा ठेवणार आहे. तिला वाचता येत नाही.