कागदाची कोरी पाठ

विद्यापीठाच्या परीक्षा विभागात सहा नंबरच्या खिडकीमागे एक बाई एकोणतीस वर्षं बसत होत्या. त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतं. बाकी सगळे त्यांना शिक्केबाई म्हणत. परदेशात शिकायला निघालेल्या प्रत्येकाला त्यांच्या खिडकीशी यावंच लागे. सगळ्या वर्षांचे गुण एका कागदावर उतरवलेलं ट्रान्स्क्रिप्ट तिथे मिळायचं. कागदावर खाली उजवीकडे गोल शिक्का, त्याला खेटून सही, मग लिफाफा बंद करून जोडावर चौकोनी शिक्का. एकोणतीस वर्षांत शिक्का कधी तिरका पडला नव्हता. "माझा शिक्का दिसला की तिकडचे लोक डोळे मिटून कागद घेतात," असं त्या सांगायच्या, आणि त्यात त्यांना बढाई वाटायची नाही.

बाईंचा जीव तसा मुळातच कुठे ठरायचा नाही. खुर्चीत बसल्या तरी टेबलाखाली पाय हलत. घरी चहा गाळता गाळता खिडकी पुसायच्या, खिडकी पुसता पुसता आठवण व्हायची की चहा गाळायचा राहिलाय. नवरा मालट्रक चालवून निवृत्त झालेला, आयुष्यभर बसून काम केलेला माणूस. तो म्हणायचा, "अगं, तुझ्या पायाला भिंगरी लावूनच पाठवली की काय तुला!"

एका मंगळवारी जाड चष्म्याची एक मुलगी रांगेतून पुढे आली. चार महिन्यांपूर्वी ती ट्रान्स्क्रिप्ट घेऊन गेली होती. बाईंना वाटलं, जादा प्रत हवी असेल. मुलीने खिडकीतून एक पत्र आत सरकवलं.

"बाई, मला प्रवेश नाकारला. गुण कमी म्हणून."

"किती होते?"

"सदुसष्ट टक्के. विषयात विद्यापीठात दुसरी आले होते."

"मग कमी कसे? आपल्याकडे साठला पहिला वर्ग. सत्तर तर शंभरात दोघांनासुद्धा पडत नाहीत."

"हे तुम्हाला माहीत, मला माहीत. त्यांना कोण सांगणार?" मुलीचा आवाज चढला. "त्यांच्याकडे नव्वदच्या पुढे 'ए'. साठ ते सत्तर म्हणजे 'डी', काठावर पास. काही विद्यापीठं प्रत्येक देशाचा वेगळा तक्ता ठेवतात. यांच्याकडे आपला नाही. त्यांनी माझे सदुसष्ट उचलले आणि सरळ स्वतःच्या पट्टीवर ठेवले. हे बघा, खाली लिहिलंय: संस्थेची गुणपद्धती कागदपत्रांत दिलेली नसल्यामुळे सर्वसाधारण तक्ता लावला आहे."

"दिलेली नाही कशी? मागे छापलेली असते की!"

"कुठे मागे?"

मुलीने स्वतःची प्रत उलटी करून काचेला लावली. पाठ कोरी होती. बाईंनी ट्रेमधली एक प्रत उलटली. कोरी. त्याखालची उलटली. तीही कोरी. दहा-बारा कागद त्यांनी भराभरा उलटले आणि मग त्यांचा हात थांबला.

पूर्वी हे कागद जाड, पिवळसर असायचे आणि छापखान्यातून छापून यायचे. पुढे गुणांच्या रिकाम्या चौकटी, मागे बारीक अक्षरांत सगळा खुलासा: पास व्हायला किती लागतात, कोणता वर्ग कितीपासून, उत्तरपत्रिका दोन परीक्षक कसे तपासतात. अकरा वर्षांपूर्वी कॉम्प्युटर आले. नवीन मशीन एकाच बाजूने छापायचं. पुढची बाजू हुबेहूब उतरली, मागची राहून गेली. कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. बाईंचा हात रोज कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात जायचा. कागद उलटण्याचं कामच पडलं नव्हतं.

"तू उद्या ये," बाई म्हणाल्या.

"उद्या येऊन काय होणार? फेरविचाराला अठरा दिवस उरलेत."

"म्हणूनच म्हणतेय, उद्या ये."

सव्वाअकराला बाईंनी खिडकी लावून घेतली. बाहेर रांग कुरकुरली. त्या तडक जिन्याने तळघरातल्या दप्तरखान्यात गेल्या, गठ्ठे उपसले, शिंकून शिंकून बेजार झाल्या. तासाभराने जुन्या पिवळ्या कागदाचा एक नमुना हाती लागला. तो घेऊन त्या जिना चढायला लागल्या आणि मधल्या वळणावरच थबकल्या.

सात वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा याच खिडकीशी रांगेत उभा राहिला होता. रसायनशास्त्र, चौसष्ट टक्के. आईने मुद्दाम नवी शाई घालून त्याच्या कागदांवर शिक्का मारला होता. तीन ठिकाणांहून नकार आले, तिन्ही पत्रांत गुण कमी असल्याचं लिहिलेलं. तेव्हा त्यांनीच मुलाला समजावलं होतं: "तुझे मार्कच कमी पडले रे. त्यांचा दर्जा वेगळा. अंथरूण पाहून पाय पसरावेत माणसाने." मुलगा नगरपालिकेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत लागला. मुख्य रसायनतज्ज्ञाच्या जागेसाठी खात्याची परीक्षा असते. तिचा फॉर्म तीनदा येऊन पडला, त्याने तो भरला नाही. "माझं डोकं तेवढंच चालतं, आई," असं म्हणून तो हसायचा, आणि आई त्याला समजूतदार समजायची.

जिन्यात वरून कोणीतरी विचारलं, "बाई, चक्कर आली का?"

"नाही," त्या म्हणाल्या आणि भिंत धरून वर आल्या.

परीक्षा नियंत्रकसाहेबांनी पिवळा कागद हातात घेतला, दोन्हीकडून पाहिला आणि खाली ठेवला. "बरोबर आहे तुमचं. पण ठराव लागेल. आधी उपसमिती, मग परीक्षा मंडळ."

"साहेब, नवीन काहीच नाही यात. मंजूर झालेलाच मजकूर आहे. छापायचा राहिला."

"राहिला असं लेखी देऊ नका हं. अकरा वर्षं राहिला म्हटलं की लोक विचारणार, जबाबदारी कोणाची?"

"माझी. माझ्याच हातून गेलेत कागद."

"तुमच्या एकटीची नाही ना, बाई. तोच तर घोळ आहे."

दोन दिवस बाईंना अन्न गोड लागलं नाही. घरात त्या या खोलीतून त्या खोलीत जायच्या आणि कशाला आलो ते विसरून परत फिरायच्या. नवऱ्याने विचारलं, "काय हरवलंय? सांग, मीपण शोधतो." त्यांनी त्याला सगळं सांगितलं, फक्त मुलाचं सांगितलं नाही. तो म्हणाला, "गाडी चुकीच्या रस्त्याला लागली हे कळल्यावर पुढच्या गावापर्यंत जायचं नसतं. तिथेच वळवायची."

तिसऱ्या दिवशी बाईंनी वळवली. पिवळ्या कागदावरचा मजकूर जसाच्या तसा टाइप केला. मग निकालाची पुस्तकं काढून मागच्या पाच वर्षांचे आकडे खाली मांडले: मुलीच्या विषयात शंभरातल्या किती जणांना सत्तरच्या वर मिळाले, किती जणांना साठच्या वर, किती नापास झाले. नव्वदच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'आजवर कोणीही नाही.' खाली गोल शिक्का मारला आणि स्वतःची सही केली. शेजारच्या टेबलावरचे कारकून मान लांब करून बघत होते.

"बाई, हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेताय? दोन वर्षं राहिलीत तुमची."

"दोन वर्षं राहिलीत म्हणूनच," बाई म्हणाल्या आणि रोज खेटे घालणाऱ्या त्या मुलीच्या हातात पाकीट दिलं.

आठ दिवसांत बाईंना मेमो आला: अधिकार नसताना विद्यापीठाच्या वतीने निवेदन दिल्याबद्दल खुलासा करावा. त्यानंतर पाच दिवसांनी चष्मेवाली धावत खिडकीशी आली. रांगेतल्यांना कोपराने बाजूला सारत तिने सांगितलं की तिचे सदुसष्ट फिरून मोजले गेले, 'डी'चा 'ए उणे' झाला आणि प्रवेश मिळाला. बाईंना हसू आवरेना. पण ते हसू दुपारच्या चहापर्यंतच टिकलं, कारण मुलाला अजून सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्धी रजा टाकली आणि त्याच्या प्रयोगशाळेत गेल्या. इतक्या वर्षांत तिथे त्या पहिल्यांदाच जात होत्या. लांबोडकी खोली, क्लोरीनचा वास, फळ्यांवर पाण्याच्या बाटल्या, प्रत्येक बाटलीवर नळाचा नंबर आणि वेळ मुलाच्या अक्षरात. तो उभ्या काचनळीतून खालच्या चंबूत थेंब थेंब द्रावण सोडत होता.

"आई? काय झालं? बाबा ठीक आहेत ना?"

"ठीक आहेत. तुला एक सांगायचंय."

"थांब, एवढा रंग बदलू दे. एक थेंब जास्त गेला तर परत पहिल्यापासून."

त्या स्टुलावर टेकल्या, उठल्या, परत टेकल्या. चंबूतलं पाणी गुलाबीचं निळं झालं. त्याने नळी बंद करून आकडा लिहिला आणि वळला. बाईंनी एका दमात सगळं सांगून टाकलं. वाक्यं मागेपुढे झाली, पण त्याला कळायचं ते कळलं.

"म्हणजे मी ढ नव्हतो," तो म्हणाला.

"नव्हतास."

"तू म्हणालीस, मार्क कमी पडले."

"म्हणाले."

"सात वर्षं झाली, आई."

त्याने चंबू धुतला. परत धुतला. तिसऱ्यांदा धुवायला लागला तेव्हा बाई म्हणाल्या, "अरे, स्वच्छ झालाय तो." त्याने नळ बंद केला. "तू जा आता. मला अजून सोळा बाटल्या करायच्यात."

एकाच घरात राहून नऊ दिवस तो आईशी कामापुरतंही बोलला नाही. सून मधल्यामध्ये निरोप पोचवायची. बाई रोज त्याच्या खोलीच्या दारापर्यंत जायच्या आणि तिथूनच परत फिरायच्या. नवऱ्याला आता सगळं कळलं होतं. तो एवढंच म्हणाला, "त्याच्या मागे धावू नकोस. वळेल तो."

दहाव्या दिवशी मुलगा त्या तिन्ही विद्यापीठांना लिहिलेली पत्रं घेऊन आला. "वाचून बघ. काही चुकलं असेल तर सांग." त्याला प्रवेश नको होता. आपला अर्ज नीट मोजला असता तर काय झालं असतं, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. दोन विद्यापीठांकडून उत्तर आलं नाही. तिसऱ्याने नम्रपणे कळवलं की पाच वर्षांवरचे अर्ज नष्ट केले जातात.

"कदाचित तसंही घेतलं नसतं," तो म्हणाला.

"कदाचित."

"हे कदाचित फार वाईट असतं, आई. नकार परवडला."

पण त्या वर्षी खात्याच्या परीक्षेचा फॉर्म आला तेव्हा तो त्याने भरला. पहाटे उठून अभ्यास केला आणि चार गुणांनी नापास झाला. निकालाचा कागद आईपुढे टाकून तो मोठ्याने हसला. "हे मार्क मात्र खरे आहेत हं! याच्यात कोणाचा तक्ता नाही." कित्येक महिन्यांनी घरात ते हसू ऐकू आलं. पुढच्या वर्षी तो पास झाला आणि मुख्य रसायनतज्ज्ञाच्या खुर्चीत बसला.

विद्यापीठात चक्रं हळूहळूच फिरली. चष्मेवालीच्या प्राध्यापकांनी आणि आणखी काही जणांनी पत्रं लिहिली, तेव्हा कुठे आठ महिन्यांनी ठराव झाला आणि खुलासा पुन्हा कागदाच्या मागे छापला जाऊ लागला. नियंत्रकसाहेबांनी एका भाषणात सांगितलं की आम्ही पुढाकार घेतला. बाईंचा मेमो मात्र कोणी मागे घेतला नाही आणि त्यापायी त्यांची शेवटची बढती अडकली. त्यांनी त्याची दाद मागितली नाही. दाद मागायला वेळ कुठे होता? आवक-जावकाच्या वहीतून अकरा वर्षांत ट्रान्स्क्रिप्ट नेलेल्यांचे पत्ते त्यांनी उतरवायला घेतले होते. जेवणाच्या सुट्टीत रोज चार-पाच पत्रं लिहायच्या: कागदात अशी अशी उणीव होती, आपल्याला नकार आला असल्यास त्याचं कारण हेही असू शकतं, खुलासा सोबत जोडला आहे. पुष्कळ पत्रं पत्ता न सापडल्याने परत येत. काहींचे आभार आले. तिघांनी नव्याने अर्ज केल्याचं कळवलं.

एक दिवस चाळिशीची एक बाई ते पत्र घेऊन थेट आत आली. कोर्टाबाहेर टायपिंगचं काम करत होती. "हे तुम्ही पाठवलंत?"

"हो."

"कशाला पाठवलंत? मी विसरले होते सगळं. चांगली विसरले होते. आता आठवडाभर माझ्या हातून चुका होतायत."

शिक्केबाई उभ्या राहिल्या. माफी मागायला तोंड उघडलं, पण माफी नेमकी कशाची मागायची ते कळेना, चुकलेल्या कागदाची की ती चूक सांगितल्याची. त्यांनी स्वतःची खुर्ची तिच्याकडे सरकवली. ती बसली. मग त्या बाईने न विचारताच सांगितलं की तिला खगोलशास्त्र शिकायचं होतं. बोलता बोलता खिडकी उघडायची वेळ टळून गेली, बाहेर कोणीतरी काचेवर टकटक केलं. जाताना तिने पत्र टेबलावरच ठेवलं.

त्या दिवसापासून बाईंनी पत्राची सुरुवात बदलली. वर मोठ्या अक्षरांत त्या लिहू लागल्या: 'हे पत्र आपल्या जुन्या परदेशी अर्जाविषयी आहे. तो विषय आपल्यापुरता संपला असेल, तर पुढे वाचू नका.' मग अर्धं पान मोकळं सोडून बाकीचा मजकूर.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा तीन वर्षांची नावं उरली होती. वह्या घरी न्यायला परवानगी नव्हती. म्हणून आता त्या दर बुधवारी येतात, खिडकीच्या बाहेरच्या बाजूला रांगेत उभ्या राहतात, शेजारच्या टेबलावरचे ते कारकून वही बाहेर देतात, आणि बाई बाकावर बसून, टेबल नसलं तरी पाय हलवत, पत्ते उतरवून घेतात.