गाळातली गोळी

ताईचं शिलाई मशीन पुढच्या खोलीत आणि भावाचं घड्याळदुरुस्तीचं टेबल मागच्या. मधल्या दारात उभं राहून तिची निम्मी हयात गेली.

भाऊ पहिल्यापासून एककल्ली. मित्र नाही, लग्न नाही, गिऱ्हाइकाचं घड्याळ घ्यायचं तेही खिडकीच्या गजांतून. समोरच्या गच्चीवरून आपल्यावर पाळत असते, हे त्यानं मनाशी पक्कं धरलेलं. गल्लीत त्याला ‘चक्रम’ म्हणत. डॉक्टरीणबाई मात्र म्हणाल्या होत्या, “स्वभावाची घडणच संशयी आहे त्यांची. गोळीनं धास्ती जरा उतरेल, पण खरं औषध म्हणजे विश्वास. वाद घालू नका, आणि खोटं तर मुळीच बोलू नका.”

सहा महिन्यांनी कुठे तो त्यांच्यापुढे दहा मिनिटं बोलू लागला. मग एकाएकी त्यानं गोळी बंद केली.

“घेतलीस?”

“ठेव तिथे.”

रोज हेच. तेराव्या दिवशी ताईच्या अंगातलं त्राण संपलं. तिनं गोळी कुटून चहात ढवळली.

भावानं घोट घेतला आणि थांबला. डोळ्याला भिंग लावलं. तळाचा गाळ पांढऱ्या फडक्यावर ओतून, स्क्रू मांडावेत तसे चिमट्यानं कण मांडले.

“हे काय?”

“साखर.”

“साखर विरघळते, ताई.”

त्यानंतर चार दिवस तो केळ्यांवर राहिला. सालीच्या आत काही मिसळता येत नाही म्हणे! शुक्रवारी दवाखान्याची वेळ होती. “नाही येणार. तूही त्या गच्चीवरच्यांतलीच.”

गुरुवारी ती मशीन बंद करून त्याच्या उंबऱ्यात बसली. सगळी घड्याळं आपापली वेळ सांगत होती.

“मीच घातली रे गोळी. वर खोटंही बोलले. दमले होते. चुकलं माझं.”

बराच वेळ तो एका चाकावरची धूळ ब्रशनं झटकत राहिला.

“पाळत ठेवणारे कधी कबूल करत नाहीत,” तो शेवटी म्हणाला. “येतो उद्या. पण चहा मी करणार. आणि गोळीचं मी डॉक्टरीणबाईंशी बोलेन, तू मध्ये पडायचं नाहीस.”

“बरं बाबा.”

शुक्रवारी निघण्याआधी त्यानं दोन कप आणले. तिचा पुढे सरकवला आणि डोळ्यावरचं भिंग काढून शेजारी ठेवलं.

“बघून घे.”

तो थट्टा करतोय की काय, हे इतक्या वर्षांनीही तिला कळेना. तिनं भिंग डोळ्याला लावलं, कपात नीट पाहिलं, आणि चहा प्यायली.